भाड्यात धरलेली बक्षिसी आणि आडवा झालेला हत्ती

ती. काका आणि ती. काकू यांना, जहाज डुलतंय म्हणून जरा तिरपा का होईना, पण अगदी वाकून नमस्कार.

काकांचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना तो अजून कुरकुरतो की आता काकाच कुरकुरतात? काकूंचा खोकला गेला असेल असं धरून चालतो, कारण मागच्या फोनमध्ये काकू खोकल्या नाहीत, फक्त ओरडल्या. मी इकडे बरा आहे. पोटभर जेवतो, अंघोळ रोज करतो (काकू हे विचारतातच, म्हणून आधीच सांगून टाकलं). काका, तुम्ही प्रश्न लेखी पाठवला आणि खाली रेघ मारून ‘उत्तर लेखी द्यावे, फोनवर बडबड नको’ असं लिहिलंत, म्हणून हा एवढा खटाटोप. एरवी दहावीत दोनदा आपटलेल्या माणसाच्या हातात पेन द्यायचं म्हणजे पेनाचेच हाल. कागद कसले आहेत ते विचारू नका. प्रवाशांच्या खोल्यांत रोज कार्यक्रमपत्रिका टाकतो, त्यातल्या उरलेल्यांच्या मागच्या बाजूवर लिहितोय. त्यामुळे पान उलटलंत आणि ‘सकाळी पोट कमी करण्याचे व्यायाम, दुपारी आइस्क्रीम खाण्याची शर्यत’ असं काही दिसलं तर ते माझ्या मनातलं नाही. पानांचे फोटो काकूंच्या फोनवर पाठवतोय. काकांनी ते वाचायचे आणि काकूंनी ते वाचतायत की नाही ते बघायचं.

मी ज्या खोलीत राहतो ती तुम्हाला दाखवायची सोय नाही, आणि नाही तेच बरं. तुमचं लोखंडी कपाट आडवं केलं तर त्यात जेवढी जागा होईल तेवढीच आहे, आणि त्यात दोघं. वरच्या फळीवर झोपतो तो स्वैपाकघरात कांदे कापतो. फक्त कांदे. त्याला बटाट्याला हात लावू देत नाहीत, बटाटेवाला वेगळा. त्याचा सदरा माझ्या नाकासमोर लटकत असतो, त्यामुळे माझ्या डोळ्यांतून जे पाणी येतं त्याचा घरच्या आठवणीशी काही संबंध नाही (काकूंनी हे दोनदा वाचावं). पण काका, एक गोष्ट तुम्ही मान्य करा. गॅरेज मी सोडलं, कापडाचं दुकान सोडलं, तुमच्या ओळखीने मिळालेली गोदामातली नोकरी तर पहिला पगार व्हायच्या आधी सोडली, आणि तुम्ही माझं नाव ‘भिंगरी’ ठेवलंत ते काही उगाच नाही. हा पोरगा एका जागी बूड टेकवत नाही, हे तुम्ही पाहुण्यारावळ्यांना चहाबरोबर सांगायचात. पण इथे टिकलो ना? (इथे नोकरी सोडून तडक बाहेर पडलं की बाहेर पाणी असतं, हेही एक कारण आहे, नाही असं नाही.) आणि नुसता टिकलो नाही, तर मुकादमाने माझं नाव वरच्या गॅलरीवाल्या खोल्यांसाठी घेतलंय. मुकादम म्हणजे आमच्या मजल्याचा साहेब. सगळे पाठीमागे मुकादमच म्हणतात, समोर नुसतं हसतात. वरच्या मजल्यावर खोल्या कमी, कामाची इज्जत जास्त, आणि तिथे खिडकी आहे. काका, मी समुद्रावर राहतो आणि मला समुद्र दिसत नाही, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तर ते वर जाणं सध्या अधांतरी लटकलंय. कशामुळे, तेच सांगायला बसलोय, आणि त्याचा तुमच्या प्रश्नाशी असा संबंध आहे की तुमचा कागद वाचून मी बादलीवरच बसलो.

तुमचा प्रश्न असा: ‘पुढच्या फेरीला आम्ही उभयता तुझ्याच बोटीवर येत आहोत. तिकिटाबरोबर माणशी, रोजची, अशी बक्षिसी आधीच धरलेली दिसते. ती धरलेली असताना वरून आणखी द्यावी काय? तू आतला माणूस आहेस, खरे सांग.’ आणि खाली तुमचं नेहमीचं. माप पुरं असेल तर वर मूठ घालायची नाही, माप कमी असेल तर मूठ घालायची नाही, तक्रार करायची. अख्खं आयुष्य दुकानदारांची वजनं तपासण्यात गेलं तुमचं, तुम्ही दुसरं काय लिहिणार! घरी भाजी आली की अजून ती काट्यावर चढते ना? मला आठवतं, एकदा भाजीवालीने कौतुकाने मला दोन गाजरं जास्त दिली तर तुम्ही मला ती परत करायला पाठवलं होतंत, आणि ती बाई मला म्हणाली, ‘तुझ्या काकांना म्हणावं, गाजरं आहेत, लाच नाही.’ तर अशा माणसाला टिप म्हणजे काय हे समजावून सांगायचं, आणि तेही लेखी!

आधी ही धरलेली बक्षिसी जाते कुठे ते सांगतो. एक मोठा हौद आहे असं समजा (खरा नाही हो, हिशेबातला). प्रत्येक प्रवाशाचे पैसे त्या हौदात पडतात. मग त्या हौदाला नळ. एक नळ आम्हा खोल्या झाडणाऱ्यांचा, एक जेवण वाढणाऱ्यांचा, एक भांडी घासणाऱ्यांचा, एक लाँड्रीचा, एक माझ्या कांदेवाल्याचा. प्रवाशाला वाटतं आपण धबधबा सोडलाय. आमच्या नळाला येईपर्यंत त्याचं ठिबक झालेलं असतं. पण ठिबक रोजचं असतं, त्यावर पगाराची बादली भरते. आता एखादा माणूस वरून हातात जे ठेवतो ते मात्र ज्याचं त्याचं. म्हणजे नियमाने द्यायची गरज नाही, आणि दिलं तर कुणी नको म्हणत नाही. झालं तुमचं उत्तर. पण एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र कशाला लिहिलं असतं, काकूंना ‘नाही’ असा एक शब्द पाठवला असता.

खरा ताप काय आहे सांगू? हे प्रवासी हा प्रश्न आम्हालाच विचारतात! मी एका हातात बादली आणि खांद्यावर चादरी घेऊन चाललोय आणि एखादे गृहस्थ मला भिंतीशी गाठून, आवाज खाली आणून विचारतात, काय हो, ते आधीच धरलेलं असतं ना? मग आणखी द्यायचं असतं का? आता काका, याला मी काय सांगू? हो म्हणालो तर हावरट. नाही म्हणालो तर मूर्ख. मुकादमाने पहिल्याच दिवशी पढवून ठेवलंय की हसायचं आणि ‘तुमच्या मनावर आहे’ म्हणायचं. मी दिवसभर तेच म्हणत असतो. जेवायला बसलो आणि वाढणाऱ्याने विचारलं, भात घालू का, तरी तोंडातून तेच निघतं. आणि एवढं हसून सांगितल्यावर ते गृहस्थ बायकोला काय म्हणतात ते ऐका: बघ, किती सरळ पोरगा आहे, त्याला काही अपेक्षाच नाही! झालं. सरळपणाचं सर्टिफिकेट मिळालं, खिसा आहे तसाच.

मागच्या एका फेरीला एक जोडपं होतं. इतकं गोड, इतकं गोड की मुंग्या लागाव्यात. रोज सकाळी मला थांबवून घरचं विचारायचे. तुमचा गुडघासुद्धा त्यांना ठाऊक होता, काका. बाई म्हणायच्या, तू आम्हाला मुलासारखा. मी मुलासारखा राबलो. त्यांना उशा दोन लागायच्या, मी चार दिल्या. शेवटच्या सकाळी मी चादरी घेऊन दारापाशी पोचलो तर आत माझ्यावरच चर्चा चाललेली. बाई म्हणतायत, अहो, काहीतरी द्या त्या पोराला, गरीब आहे बिचारा. आणि गृहस्थ म्हणतायत, गरीब कसला, त्याचे बूट बघितलेस का? (बूट काकूंनी निघताना घेऊन दिलेले. काकू, तुमची निवड चांगली आहे, पण धंद्याला वाईट. आता शेवटच्या सकाळी मी कांदेवाल्याचे बूट घालतो.) ते गेले आणि मी खोली उघडली तर टेबलावर काय? अर्धी शांपूची बाटली, एक संत्रं, आणि हे एवढं मोठं, हाताने रंगवलेलं आभाराचं कार्ड. त्यात फुलं, सूर्य, जहाज आणि जहाजावर मी. मी बादली घेऊन हसतोय असा. संत्रं खाल्लं, शांपू वापरतोय, कार्डाचं काय करायचं ते तुम्ही सांगा.

पण हे लोक परवडले. यांनी माझं काही बिघडवलं नाही. बिघडवलं ते टोपीवाल्या आजोबांनी, आणि तेही माझ्यावरच्या प्रेमापोटी. आजोबा सज्जन, टोपी झोपेतच काय ती काढत असतील. त्यांना कुणीतरी सांगितलं की धरलेली बक्षिसी काउंटरवर जाऊन काढून घेता येते. खरंच येते, फक्त मागायची लाज वाटली नाही पाहिजे. आजोबांना वाटलं, हे हौदाबिदात कशाला घालायचं, कुठे झिरपतं कुणाला ठाऊक, त्यापेक्षा राबणाऱ्या पोराच्या हातात थेट देऊ. गेले काउंटरवर, स्वतःची आणि बायकोची सगळीच्या सगळी काढून घेतली, आणि उतरताना माझ्या हातात पाकीट ठेवून डोळे पुसत म्हणाले, ‘हे तुझं. मधले दलाल मी काढून टाकले.’ मलाही भरून आलं. चादरीच्या कोठीत जाऊन पाकीट उघडलं आणि दोन गिरक्या घेतल्या (भिंगरी नाव तुम्हीच ठेवलंत). कांदेवाल्याला सांगितलं, आज चहा माझ्याकडून. चहा फुकटच असतो, पण म्हणायला बरं वाटतं.

चहा घशाखाली उतरायच्या आत मुकादम हजर. इथे एक नियम आहे, काका, आणि तो कुठल्याही प्रवाशाला ठाऊक नसतो. ज्या खोलीने धरलेली बक्षिसी काढून घेतली, त्या खोलीने हातात दिलेला पैसा हौदात टाकायचा. सगळा. मुकादमाने हात पुढे केला, मी पाकीट ठेवलं. बरं, गेलं ते गेलं. पण ते मोजलं तर आजोबांनी काढलं होतं सगळ्या नळांचं आणि पाकिटात घातलं होतं फक्त माझ्या एकट्याच्या कौतुकाचं! उरलेलं त्यांच्याच खिशात राहिलं, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नसेल, कारण बाकीची माणसं त्यांनी पाहिलीच नव्हती. म्हणजे हौदात खड्डा, माझ्या हातात वारा, आणि आजोबा पुण्य करून घरी. वर मुकादम माझ्याकडे असा बघायला लागला की मीच आजोबांना पढवलं असेल. मी शपथा घेतल्या. तो म्हणाला, बघू या.

मुकादम एकवेळ परवडला, पण बातमी खाली लाँड्रीत गेली. (काउंटरवरची बातमी लाँड्रीत लिफ्टच्या आधी पोचते.) तिथे आमचे लाँड्रीदादा आहेत. वयाने तुमच्याएवढे नसतील, पण आवाज तुमचाच. जहाजाच्या तळाशी, जिथे यंत्रांच्या घरघरीत माणसाला स्वतःचं शिंकणं ऐकू येत नाही, तिथे ते हजारो टॉवेल धुतात, वाळवतात, घड्या घालतात. त्यांना आजवर एकाही प्रवाशाने पाहिलेलं नाही आणि त्यांनी एकाही प्रवाशाला पाहिलेलं नाही. त्यांच्या हातात कोण काय ठेवणार? त्यांचा सगळा भरवसा त्या नळावर. दुसऱ्या दिवशी मी टॉवेल आणायला गेलो तर म्हणाले, या, या! पाकीटवाले शेठ आले! बसायला खुर्ची द्या रे त्यांना! मी म्हटलं, दादा, पाकीट माझ्याकडे नाही राहिलं, आणि तुमचं असं कितीसं बुडालं? एवढं म्हटलं मात्र, आणि त्यांनी यंत्र बंद केलं. यंत्र बंद करून बोलणारा माणूस फार वाईट, काका. म्हणाले, ‘पैशाचं नाही रे. मोजताना आम्हाला धरलंच नाही त्यांनी. आणि तू चहा पाजत फिरलास.’ आणि मला टॉवेल दिले. जुने, झिजलेले, आरपार दिसणारे, पापडासारखे.

तुम्ही म्हणाल, टॉवेल तर टॉवेल, त्यात काय? इथेच तर सगळी मेख आहे! आमच्या कामात खोली झाडणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे रोज संध्याकाळी टॉवेलांच्या घड्या घालून पलंगावर प्राणी बसवायचा. हंस, ससा, माकड, पण मुख्य म्हणजे हत्ती. मोठ्या टॉवेलच्या दोन बाजूंनी वळकट्या करून, दुमडून चार पाय करायचे, छोट्या टॉवेलचं डोकं आणि सोंड करून वर ठेवायची. प्रवासी त्याचे फोटो काढतात, घरी पाठवतात. मी घासलेल्या मोरीचा फोटो आजवर एकाने काढलेला नाही. खरं सांगायचं तर माझा हत्ती सुरुवातीला कुणाला ओळखूच यायचा नाही. एका आजींनी त्याला उंदीर म्हटलं, एकांनी विचारलं, हा कुत्रा बसलाय का आजारी आहे? पण चिकाटीने शिकलो. मुकादम म्हणाला, तुझा हत्ती चार पायांवर उभा राहायला लागला की तू वरच्या मजल्यावर. आणि काका, तो राहिला! जाड टॉवेल असला की माझा हत्ती असा उभा राहतो की त्याच्यावर बसून वरात काढावी. पण पापडाचा हत्ती कसा उभा राहणार? पाय वळले की विरघळायचे, सोंड केली की मान टाकायची.

त्यात मला आणखी अवदसा आठवली. प्रवाशाचा चष्मा दिसला की तो हत्तीच्या नाकावर चढवायचा, लोक खूष होतात, ही इथली रीत. त्या फेरीला एका खोलीत एक जाडजूड प्राध्यापक होते. जेवायला जाताना ते टेबलावर विसरून गेलेला चष्मा मी हत्तीला घातला, चार वेळा लांबून बघितलं, उभा होता, दार ओढून घेतलं. माझी पाठ वळल्यावर हत्तीने काय केलं असेल ते सांगायला नको. पसरला, चष्म्यासकट. प्राध्यापक जेवून आले, चष्मा डोळ्यांवर नाही म्हणून पलंगावर काय पडलंय ते दिसलं नाही, आणि बसले. चष्म्याशिवाय काही दिसत नसल्यामुळे कशावर बसलो ते शोधायलाही त्यांना चष्माच हवा होता. मग जे ओरडले ते काउंटरपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. बाकीचे दिवस त्यांच्या बायकोने त्यांना हाताला धरून समुद्र दाखवला. (फार लांब आहे हो, निळा आहे, असं सांगून.) मुकादमाने मला बोलावलं, प्राध्यापकांच्या चष्म्याची काडी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, आता पुढची फेरी बघतो. त्या फेरीत तुझ्या खोल्यांतून एक जरी भानगड आली तर वरचा मजला विसर, पुढच्या कराराचं बोलावणंही विसर.

आणि ती फेरी कुठली? काका, ती तुमची फेरी! तुमची खोली माझ्याच वाट्याला आलीय. आणि अशा वेळी तुमच्या कागदाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात मी काय वाचतो? ‘किंवा ती धरलेली रक्कम काढून घेऊन तुलाच द्यावी असाही विचार आहे. घरचे पैसे घरात राहतील.’

अहो काका! एकदा झालं तर लोक योगायोग म्हणतील. दुसऱ्यांदा, आणि तेही सख्ख्या काकांनी केलं, तर त्याला धंदा म्हणतील! लाँड्रीदादा मला टॉवेलऐवजी रुमाल देतील. तुम्हीच मला शिकवलंत की काटा तपासताना नुसतं वर बघायचं नाही, पारडं उलटं करून खाली काय चिकटलंय ते बघायचं. तुम्ही दुकानात शिरलात की आधी पारडं उलटं करायचात आणि दुकानदाराचा चेहरा उतरायचा. तसं एकदा हे जहाज उलटं करून बघा (मनातल्या मनात. काकू घाबरतील). वर मी दिसतो, वाढपी दिसतो, हसतो, सलाम करतो. खाली लाँड्रीदादा आहेत, भांडीवाले आहेत, माझा कांदेवाला आहे. दोन्ही मिळून वजन होतं. तुम्ही वरचा तेवढा मोजलात तर ते माप खोटं, आणि खोटं माप तुमच्या हातून? तेव्हा माझं लेखी उत्तर असं: धरलेली बक्षिसी जशी आहे तशी राहू द्यावी, तिला हात लावू नये. वरून द्यायची सक्ती नाही. मला तर बिलकूल नको, काकाकडून टिप घेताना मला कुणी बघितलं तर मी उडी मारीन. आणि ‘तुमच्या मनावर आहे’ असं मी तुम्हाला मुळीच म्हणणार नाही, कारण तुमचं मन मला ठाऊक आहे.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला पट्टा बांधून या, जहाजावर जिने फार. लोभ भाड्यातच धरलेला आहे, तो आणखी वरून द्या असं मी म्हणत नाही, फक्त काउंटरवर जाऊन काढून घेऊ नये.

तुमचाच,
भिंगरी

ता. क. पत्र संपवून जेवायला गेलो होतो, आता परत येऊन लिहितोय. काका, तुम्ही प्रश्न मला विचारलात आणि उत्तराची वाट न बघता कंपनीला आधीच लिहूनही टाकलंत? जेवणघरात, सगळ्यांसमोर, मुकादमाने मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी एक निवृत्त वजनमाप निरीक्षक लिहितात की माझा पुतण्या आपल्या बोटीवर असल्याने बक्षिसीचा विषय आम्ही घरगुती पातळीवर मिटवू, सबब ती रक्कम वजा करावी व तसे लेखी कळवावे. पुतण्या स्वभावाने बरा आहे पण एका जागी ठरत नाही, तरी त्यास सांभाळून घ्यावे. सगळे जेवता जेवता लोळले. कुणाचा रे हा काका, कुणाचा काका, असा गलका झाला. सगळ्यांत मोठ्याने मीच हसत होतो. फक्त लाँड्रीदादा हसत नव्हते. ते म्हणाले, तुझं हसणं आज जरा जास्तच होतंय. मग काय करणार, उभा राहिलो आणि सांगितलं, माझे आहेत. गाजरं परत करायला लावणारे आहेत. माप चुकलं असं कुणी दाखवून दिलं तर स्वतः चालत जाऊन दुरुस्त करतील. मुकादमाने मिशीवरून हात फिरवला. दादा म्हणाले, जाड टॉवेलांची एक जोडी बाजूला ठेवतो. देणार की नाही ते तुझ्या काकांनी ठरवायचं. तेव्हा काका, जहाजावर पाऊल ठेवलंत की जेवणाच्या आधी, समुद्र बघण्याच्या आधी, काउंटर. सगळं पुन्हा धरायला सांगा. लेखी घ्या हवं तर.

ता. क. २. हे फक्त काकूंसाठी, काकांनी डोळे मिटावेत. काकू, वरून काही द्यायचं मनात असलंच तर पाकीट मला नको. एक छोटं पाकीट लाँड्रीदादांच्या नावाने काउंटरवर द्या, ते खाली पोचवतात. त्यांना आजवर कुणी दिलेलं नाही. आणि तुम्हाला मी ओळखतो, तुम्ही सकाळी उठून पलंग स्वतःच आवराल, चादर ताणून बसवाल, मोरीसुद्धा घासाल. कृपा करून असं करू नका. मुकादम डोकावला तर म्हणेल, या पोराला कामच नाही. इतकी वर्षं माझं अंथरूण तुम्ही काढलंत, आता दहा दिवस मला तुमचं काढू द्या. चादर चांगली चुरगाळून ठेवा. जमत नसेल तर काकांना त्यावर लोळायला सांगा.

ता. क. ३. पहिल्या संध्याकाळी फिरून खोलीत आलात की आधी पलंगाकडे बघा. त्यावर जे काही असेल तो हत्ती आहे, हे काकांना दाराबाहेरच सांगून ठेवा. (काकांचा चष्मा त्याला घालणार नाही, तो त्यांनी खिशातच ठेवावा.) हत्ती आडवा पडलेला असेल तर त्याला हात लावू नका, काकांना बसू न देता तसेच काउंटरवर पाठवा. उभा असेल तर सगळं ठीक झालं असं समजा. मग काका त्याला कुत्रा म्हणाले तरी माझी काही हरकत नाही. फक्त उभा कुत्रा म्हणाले पाहिजेत.